बहादूर यार जंग, रझाकार आणि आपण : ‘धर्मयुद्धा’चा हिशेब तळातून मांडू या

सप्टेंबर उजाडला की मराठवाड्यात एक ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. १७ तारखेला झेंडावंदन होते, हुतात्मा स्मारकांवर फुले वाहिली जातात. ते योग्यच आहे. पण त्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून मोबाईलवर जे फिरू लागते ते वेगळे असते. ‘रझाकारांच्या औलादी’ हा शब्द निघतो आणि तो बीडच्या बाजारात पंक्चर काढणाऱ्या पोरापासून आठवडी बाजारात बांगड्या विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना चिकटवला जातो. १९४८ साली ज्यांचे आजोबासुद्धा पोरगेले होते, त्यांच्याकडून १९४८ चा हिशेब मागितला जातो.

याला उत्तर म्हणून अलीकडे आपल्याच काही तरुणांकडून दुसरी पोस्ट फिरते. तीत म्हटलेले असते की निजामाचे राज्य हे दलितांचे राज्य होते, रझाकार हे सवर्ण देशमुखांविरुद्ध लढले, आणि मजलिसचे नेते नवाब बहादूर यार जंग हे दलितांचे खरे मित्र होते. मागच्या वर्षी विहारातल्या अभ्यासवर्गात एका मुलाने आम्हाला सरळ विचारले, “मग रझाकार आपले होते का परके?”

प्रश्न प्रामाणिक होता. त्याला घाईने ‘आपले’ किंवा ‘परके’ असे उत्तर दिले असते तर ती फसवणूक झाली असती. म्हणून हा लेख. बहादूर यार जंग या एका माणसाची फेरतपासणी आम्ही करत आहोत, कारण दोन्ही बाजूंच्या पोस्ट शेवटी त्यांच्यापाशीच येऊन थांबतात. एक बाजू त्यांना रझाकारांचा बाप म्हणते, दुसरी दलितांचा दोस्त. आमच्या मते दोन्ही अर्धवट आहे. आणि अर्धवट इतिहासाची किंमत नेहमी आपल्याच वस्त्यांनी मोजलेली आहे.

माणूस कोण होता?

मूळ नाव मोहम्मद बहादूर खान. जन्म ३ फेब्रुवारी १९०५, हैदराबाद. घराणे पठाण जहागीरदारांचे, पंथ महदवी. सय्यद मुहम्मद जौनपुरी यांना महदी मानणारा हा छोटा पंथ, आणि त्याला इतर मुसलमानांचा विरोधच जास्त वाट्याला आलेला. म्हणजे मुसलमानांतल्या एका अल्पसंख्य पंथातला हा माणूस पुढे साऱ्या हैदराबादी मुसलमानांचा नेता झाला.

त्यांची ताकद वाणीत होती. उर्दूतले त्या काळचे ते सर्वांत मोठे वक्ते मानले जात. कुराणाचे आणि इक्बालच्या काव्याचे ते जाणकार होते, घरी इक्बालवर दर्स घेत. १९३१ साली हजला गेले आणि मुस्लिम देश फिरून आले. निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांना ‘बहादूर यार जंग’ हा किताब दिला. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून ते तबलीगच्या, म्हणजे धर्मप्रसाराच्या कामात होते. १९२७ साली स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचे नेतृत्व १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याकडे आले. संस्थानांतल्या मुस्लिम लीगचेही ते अध्यक्ष होते, जिनांच्या जवळचे होते. तरी जिनांसमोर बोलायला ते कचरत नसत. डिसेंबर १९४३ मध्ये कराचीच्या अधिवेशनात त्यांनी बजावले की पाकिस्तान कुराणाच्या शिकवणीवर उभे राहणार नसेल तर ते आपल्याला नको.

अखेरच्या काळात निजामाने त्यांच्या बोलण्यावर बंधने आणली, तेव्हा त्यांनी किताब आणि जहागीर दरबाराला परत केली. २५ जून १९४४ रोजी एका मेजवानीत हुक्क्याचा झुरका घेतला आणि ते कोसळले. वय अवघे ३९. विषप्रयोगाची चर्चा तेव्हाही झाली, आजही होते.

ही तारीख लक्षात ठेवा. रझाकार म्हटल्यावर मराठवाड्याला जे आठवते, ती जाळपोळ, ते खून, त्या लुटी १९४७-४८ मधल्या आहेत. तेव्हा मजलिसचा नेता लातूरचा वकील कासिम रझवी होता. बहादूर यार जंग यांना जाऊन तीन-चार वर्षे झाली होती. मग तारखेच्या एवढ्या आधारावर त्यांना निर्दोष ठरवून मोकळे व्हायचे का? आम्हाला तसे वाटत नाही.

ते धर्मयुद्ध होते का?

आधी ‘धर्मयुद्ध’ हा शब्दच तपासू. आज दोन्हीकडचे लोक १९४८ ची मांडणी हिंदू विरुद्ध मुसलमान अशीच करतात. पण राज्याच्या आत डोकावले तर चित्र गुंतागुंतीचे दिसते.

निजामाच्या राज्यात गावावर हुकूम चालायचा तो देशमुख, देशपांडे, पाटील, पटवाऱ्यांचा, आणि त्यातले बहुसंख्य हिंदू सवर्ण होते. वेठबिगार घेणारे तेच. गावाबाहेरची वस्ती सांभाळणारे, म्हणजे दाबून ठेवणारे तेच. तेलंगणात विसनूरच्या रामचंद्र रेड्डी देशमुखाच्या माणसांनी ४ जुलै १९४६ रोजी दोड्डी कोमरय्या या शेतकरी कार्यकर्त्याला गोळी घातली आणि तिथून सशस्त्र शेतकरी लढा पेटला. पुढे असे देशमुख आपल्या गढ्या वाचवण्यासाठी रझाकारांच्या आणि निजामाच्या पोलिसांच्या आडोशाला गेले. मीर लायक अलींच्या मंत्रिमंडळात पिंगळी व्यंकटराम रेड्डी उपपंतप्रधान होते. हे कसले धर्मयुद्ध, ज्यात हिंदू जमीनदार रझाकारांच्या बाजूला उभा आहे?

उलट बाजूने पाहा. रझाकारांच्या विरोधात उभा राहिलेला शोएबुल्ला खान हा मुसलमान होता. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा हा तरुण संपादक. रझाकारांचे दल मोडून टाका आणि भारताशी समझोता करा, असे सांगणारे काही मुस्लिम मान्यवरांचे निवेदन ऑगस्ट १९४८ मध्ये त्याने छापले. २२ ऑगस्टच्या रात्री हैदराबादच्या रस्त्यावर रझाकारांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि ज्या हाताने लिहिले तो हात तोडला. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हे नाव किती वेळा येते? जिथे येते तिथे त्याचा धर्म सांगितला जातो का?

याचा अर्थ रझाकारांनी अत्याचार केलेच नाहीत असा कोणी घेऊ नये. बिदर जिल्ह्यातले गोरटा, तेलंगणातले बैरनपल्ली ही नावे त्या क्रौर्याची साक्ष आहेत. आमच्या बीड-धाराशिवकडच्या जुन्या माणसांनी गावे सोडून सरहद्दीपलीकडे इंग्रजी मुलखात, नगर-सोलापूरकडे काढलेल्या रात्री सांगितल्या आहेत. ते खोटे नाही. आमचे म्हणणे एवढेच की सत्ता टिकवण्याच्या आणि जमीन टिकवण्याच्या या लढाईला धर्माचा अंगरखा चढवला गेला. तो कोणी शिवला, हा खरा प्रश्न आहे. आणि इथे बहादूर यार जंग यांचे नाव घ्यावेच लागते.

अंगरखा शिवणारा विद्वान

मजलिसने त्यांच्या काळात एक सिद्धान्त पक्का केला. हैदराबादची सत्ता ही राज्यातल्या मुस्लिम समाजाची आहे. निजाम आणि त्याचे तख्त हे त्या सत्तेचे प्रतीक आहे. म्हणजे राजा एकटा राजा नाही, प्रत्येक मुसलमान राजा आहे. ‘अनल मलिक’, मीच राजा, या दोन शब्दांत तो लोकांपर्यंत गेला.

वरवर पाहता यात एक समतेचा सूर आहे. टांगेवाला, विणकर, शिपाई, जो मुसलमान असेल तो राजा! गरीब मुसलमानाच्या छातीत हवा भरणारी ही गोष्ट होती. पण पोटात पाहा. प्रत्येक मुसलमान राजा, तर उरलेले कोण? १९४१ च्या जनगणनेत संस्थानात मुसलमान साधारण बारा-तेरा टक्के होते. उरलेल्या सत्त्याऐंशी टक्क्यांसाठी या सिद्धान्तात ‘रयत’ याखेरीज जागा नव्हती. आणि गरीब मुसलमानाला तरी काय मिळाले? राजेपणाची भावना. जमीन नाही, नोकरी नाही. जहागिरी जहागीरदारांकडेच राहिल्या. त्या रद्द झाल्या त्या निजामाची राजवट गेल्यावर, १९४९ च्या ऑगस्टमध्ये.

बाबासाहेबांच्या विचारात वाढलेल्या माणसाला ही रीत ओळखीची वाटायला हवी. जन्माने श्रेष्ठत्व देणारी आणि पोटाला काही न देणारी व्यवस्था आपण दुसऱ्या नावाने ओळखतो. गावातला भूमिहीन सवर्ण ‘आपण वरचे’ या भावनेवर जगतो आणि त्याच भावनेपायी आपल्या वस्तीवर चालून येतो. नेमके हेच यंत्र इथे मुस्लिम समाजात बसवले गेले. स्वयंसेवकांचे दल बहादूर यार जंग यांच्याच काळात उभे राहिले. त्यांच्या हयातीत त्याच्या हाती रझवीच्या काळासारख्या बंदुका नव्हत्या, हे खरे. पण ‘सत्ता आपल्या समाजाची, आणि ती जायला आली आहे’ हा विचार त्या पोरांच्या डोक्यात आधीच भरून ठेवलेला होता. रझवीने बंदूक दिली. ती कशासाठी उचलायची याचे कारण आधीचे होते.

म्हणून आमचा निष्कर्ष असा : १९४८ च्या खुनांसाठी बहादूर यार जंग यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्याय आहे. पण ज्या विचाराने ते खून पुण्यकर्म वाटू लागले, त्या विचाराची जबाबदारी त्यांच्यावर आहे. विद्वानाचा हिशेब त्याच्या हातावर रक्त आहे का एवढ्यावर होत नाही. त्याच्या शब्दांनी कोणाचा हात मोकळा केला, यावरही होतो. मनूच्या बाबतीत आपण हाच न्याय लावतो. मग इथे वेगळा न्याय का?

त्यांचे चाहते म्हणतात की ते जगले असते तर त्यांनी भारताशी समझोता केला असता, रझवीसारखा माणूस वर आलाच नसता. १९३८ च्या सुमारास हिंदू पुढाऱ्यांशी त्यांची बोलणी झाली होती हे त्यासाठी सांगितले जाते. पण ती बोलणी जबाबदार राज्यपद्धतीच्या प्रश्नावर, म्हणजे सत्तेत लोकांचा वाटा किती यावरच अडली. ‘जगले असते तर’ या वाक्याने कोणाचाही इतिहास धुऊन निघतो. आपण घडले त्याचाच हिशेब करू.

मोजदादीतले दलित

आता आपल्या प्रश्नाकडे. ते दलितांचे मित्र होते का?

तबलीगच्या कामात बहादूर यार जंग गावोगाव फिरले, अस्पृश्य वस्त्यांत गेले, मोठ्या संख्येने लोकांना इस्लाममध्ये आणले. ज्या काळात सवर्ण पुढारी वस्तीची पायरी चढत नव्हता, त्या काळात एक नवाब वस्तीत येऊन बसतो, याचे महत्त्व आम्ही कमी करत नाही. धर्म बदलणाऱ्या आपल्या पूर्वजांना आम्ही ‘भोळे’ किंवा ‘विकले गेलेले’ म्हणणार नाही. माणूस म्हणून जगण्याचा रस्ता ते शोधत होते.

पण हे काम कशासाठी चालले होते? ‘सत्ता मुस्लिम समाजाची’ हा सिद्धान्त टिकवायचा तर बारा-तेरा टक्के फार कमी पडत होते. अस्पृश्यांची संख्या मुसलमानांपेक्षा जास्त होती. ती मिळाली तर दोघे मिळून तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ जात होते. हे गणित मजलिसला कळत होते आणि आर्य समाजालाही. म्हणून इकडून तबलीग, तिकडून शुद्धी. मौलवी आला की कलमा, पंडित आला की होमहवन. माणूस तोच, झोपडी तीच, वेठ तीच, गावाबाहेरची जागा तीच. बदलायचे ते रजिस्टरमधले नाव. आपल्याला माणूस म्हणून कोणी मोजत नव्हते. डोकी म्हणून दोघेही मोजत होते.

आणि इस्लाममधल्या समतेचे काय? कुराणात ती आहे, त्याविषयी आमचे भांडण नाही. प्रश्न निजामाच्या राज्यातल्या व्यवहाराचा आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले असताना दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या लोकांनी दारातल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. शेवटी किल्ला पाहू दिला तो सोबत हत्यारी शिपाई देऊन, आत कुठे पाण्याला शिवू नये म्हणून. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे. हिंदूला जो अस्पृश्य, तो मुसलमानालाही अस्पृश्यच, हा धडा त्यांनी त्यातून सांगितला. हे कुठे घडले? जिथे तबलीगचे काम जोरात होते त्याच निजाम राज्यात.

पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी अश्रफ, अजलफ, अरझल ही मुसलमानांतली उतरंड मांडली. महाराष्ट्रातली मुस्लिम ओबीसी चळवळ आज तेच बोलते. बीडचे मोमीन, बागवान, पिंजारी, तांबोळी, अत्तार हे नवाबांचे वंशज नाहीत. ते आपल्यासारखेच कष्टकरी. ‘मीच राजा’ म्हणणाऱ्या राज्यात त्यांनीही हातमागच चालवला आणि कापूसच पिंजला.

बाबासाहेबांनी काय सांगितले?

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाल्यावर सगळे धर्म बाबासाहेबांच्या दारात आले. निजामाच्या संपत्तीची चर्चा तेव्हाच सुरू झाली. पण बाबासाहेबांनी घाई केली नाही. १९३६ मध्ये धर्मांतराच्या परिणामांचा विचार करताना त्यांनी स्पष्ट लिहिले की अस्पृश्य इस्लाममध्ये गेले तर मुसलमानांची संख्या दुप्पट होईल आणि मुस्लिम वर्चस्वाचा धोका खरा ठरेल. म्हणजे ज्या गणितासाठी आपल्याला बोलावले जात होते, ते गणित त्यांनी ओळखले होते आणि नाकारले होते. वीस वर्षे थांबून, अभ्यास करून त्यांनी जो धम्म दिला तो कोणाची सत्ता टिकवण्यासाठी दिला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लोकांनी स्वतःच्या तोंडाने बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मोजले जाणे आणि स्वतः ठरवणे यातला फरक हाच आहे.

हैदराबादच्या प्रश्नावर त्यांची भूमिका २७ नोव्हेंबर १९४७ च्या निवेदनात आहे. भारत आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला त्याच्या दोन दिवस आधीचे हे निवेदन. पाकिस्तानातल्या आणि हैदराबादेतल्या अनुसूचित जातींवर सक्तीने धर्मांतर लादले जात आहे, सुटकेचा सोपा मार्ग म्हणून इस्लाममध्ये जाऊ नका, सवर्ण हिंदू आवडत नाहीत म्हणून मुसलमान आपला मित्र ठरत नाही, आणि निजामाची बाजू घेऊन समाजाला कलंक लावू नका, असे त्यांनी सांगितले. ज्यांना सक्तीने नेले त्यांना परत भावासारखे वागवू, अशी हमीही दिली.

तरी आपल्यातले काही नेते निजामाबरोबर गेले. बी. एस. व्यंकटराव लायक अलींच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. औरंगाबादला जन्मलेले बी. श्यामसुंदर सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या शिष्टमंडळातून पॅरिसला संयुक्त राष्ट्रांपुढे गेले. याच श्यामसुंदर यांनी १९६८ मध्ये गुलबर्ग्याला भीमसेना उभी केली. त्यांना गद्दार म्हणून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. गावातला देशमुख उद्या स्वतंत्र भारतातही देशमुखच राहणार, ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्यांनी निवडलेला आधार चुकीचा होता. बाबासाहेबांनी ते वेळेवर ओळखले, हा फरक.

काही दलित तरुण रझाकारांच्या दलातही गेले. हे लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यभर पाटलापुढे वाकलेल्या पोराला कोणीतरी गणवेश आणि भाला दिला, तर तो का गेला हे समजणे अवघड नाही. समजणे वेगळे आणि समर्थन वेगळे.

विद्वानाची कसोटी : आफ्रिकेतला एक दाखला

विद्वानाचा हेतू चांगला आणि परिणाम उलटा, हे फक्त हैदराबादेत घडले नाही. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या उत्तर नायजेरियात, उस्मान दान फोदियो नावाचा मोठा इस्लामी पंडित होऊन गेला. जन्म १७५४. राजांचे जुलमी कर, स्वतंत्र मुसलमानांना पकडून गुलाम करणे, स्त्रियांना अडाणी ठेवणे, या सगळ्यांवर त्याने लेखणी चालवली. त्याची मुलगी नाना अस्माऊ कवयित्री आणि शिक्षिका म्हणून गाजली. १८०४ मध्ये त्याने गोबीरच्या राजाविरुद्ध जिहाद पुकारला आणि त्यातून सोकोतोची विशाल खिलाफत उभी राहिली.

तेव्हा शेजारच्या बोर्नूच्या अल-कानेमी या दुसऱ्या मुस्लिम पंडिताने पत्रे लिहून विचारले : आम्हीही मुसलमान, मग आमच्यावर कोणत्या न्यायाने चालून येता? काहींच्या हातून पाप घडले म्हणून सारा देश काफर कसा ठरतो? तो वाद आजही इतिहासकार वाचतात. आणि परिणाम? ज्याने अन्याय्य गुलामीविरुद्ध लिहिले त्याच्या वारसांच्या राज्यात त्या शतकाच्या अखेरीस लाखो गुलाम शेतीवर राबत होते. काफर ठरवून पकडलेले, म्हणून कायदेशीर!

दान फोदियो ढोंगी होता असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की धर्मयुद्धाची पारख विद्वानाच्या ग्रंथावर होत नाही. सर्वांत खाली असलेल्या माणसाचे पुढे काय झाले, यावर होते. तीच कसोटी आपण बहादूर यार जंग यांना लावली. आता तीच विजेत्यांनाही लावू.

‘ॲक्शन’नंतर

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. आमच्या भागात म्हातारी माणसे याला ‘पोलीस ॲक्शन’ किंवा नुसते ‘ॲक्शन’ म्हणतात. कोणाचे वय विचारले तर ‘ॲक्शनच्या आधी दोन वर्षं’ असे उत्तर मिळते.

त्यानंतर काय झाले हे पाहायला पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्यासह एक मंडळ पाठवले. त्यात काझी अब्दुल गफ्फार होते. ‘पयाम’ या उर्दू दैनिकाचे संपादक आणि नामांकित लेखक. मंडळाच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या चार जिल्ह्यांना, तिथे किमान १८ हजार. औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक या चार जिल्ह्यांत किमान ५ हजार. मारले गेलेले बहुतेक मुसलमान, आणि त्यातले कित्येक रझाकारांशी संबंध नसलेले. जीव धोक्यात घालून मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही मंडळाला भेटले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवल्याची नोंद अहवालात आहे. एकाच धंद्यातले घामाचे नाते धर्माच्या वर गेले.

हा अहवाल अनेक दशके सरकारी कपाटात राहिला. रझाकारांचे अत्याचार पाठ्यपुस्तकात आले, हे आले नाही. काझी अब्दुल गफ्फार हेही मुस्लिम विद्वानच होते. रझाकारांचे अत्याचार आणि त्यानंतरचा सूड, दोन्ही एका कागदावर लिहिण्याचे धाडस त्यांच्या मंडळाने दाखवले. मग आपल्या तरुणांना रझवी पाठ आणि गफ्फार माहीत नाहीत, असे का?

आणि दलितांचे काय झाले? ‘रझाकाराला साथ दिली’ हा ठपका अनेक गावांत आपल्यावर राहिला. देशमुखाने बाजू बदलली तर तो स्वातंत्र्यसैनिकांच्या व्यासपीठावर जाऊन बसला. आपल्या माणसाला ती सोय नव्हती. राज्य बदलले, वाडा बदलला नाही. तीस वर्षांनी, २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना मारण्यात आले. ते करणारे रझाकार नव्हते. मुक्तिसंग्रामातले काही मोठे नेतेही तेव्हा नामांतराच्या विरोधात उभे होते. ‘मुक्ती’ कोणाची झाली होती, हे त्या आगीच्या उजेडात दिसले. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडले.

म्हणून काय करायचे?

त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. रझाकार आपले नव्हते. त्यांच्याशी लढणारे सगळेच आपले होते, असेही नाही. बहादूर यार जंग हे मोठे वक्ते होते, निष्ठावान धार्मिक होते, स्वार्थासाठी झुकले नाहीत. पण त्यांनी जन्मावर उभे असलेले राजेपण शिकवले आणि आपल्याला त्या राजेपणाची संख्या म्हणून पाहिले. त्यांचा फोटो विहारात लावण्याची गरज नाही. आणि त्यांच्या नावाने आजच्या मुसलमान शेजाऱ्याला शिवी देण्याचा तर कोणालाच अधिकार नाही.

दलित-मुस्लिम एकजूट आम्हाला हवी आहे, पण ती नवाबांच्या आठवणीवर नको. ती उसाच्या फडावर कोयता घेऊन उभ्या असलेल्या दोन्हीकडच्या बायांमध्ये, गायरानाच्या हक्कात, रेशनच्या रांगेत, शिष्यवृत्ती अडकलेल्या पोरांमध्ये बांधावी लागेल. मोमीन विणकराला वाचवणारा हिंदू विणकर हे तिचे चित्र आहे.

एक काम मात्र तातडीचे आहे. ‘ॲक्शन’ पाहिलेली माणसे आता मोजकी उरली आहेत. या सप्टेंबरमध्ये पोस्ट पुढे ढकलण्याआधी आपल्या गावातल्या अशा एका आजीजवळ, एका आजोबाजवळ बसा. दलित असोत, मुसलमान असोत, मराठा असोत. त्यांना विचारा : तेव्हा वेठ कोण घ्यायचे, ॲक्शननंतर ती कोणाकडे गेली, कोणी कोणाला लपवले, कोणाची जमीन कोणाच्या नावावर झाली? लिहून घ्या, नाव देऊ नका म्हणाले तर देऊ नका. आपला इतिहास दुसऱ्याने मोजायचा काळ संपला पाहिजे.

जय भीम! जय संविधान!